वरच्या मजल्यावरचं गाऱ्हाणं

‘प्यार का पंचनामा’ हा सिनेमा मी आधी ऐकला आणि मग पाहिला. ऐकला तो बाथरूमच्या डक्टमधून. आमच्या वरच्या मजल्यावर तीन मुलं भाड्याने राहतात. घर जुनं, डक्ट अरुंद. वर कोणी नळ सोडून रडायला लागलं तर खाली नळ वेगळा आणि रडणं वेगळं ऐकू येतं. एका रात्री साडेअकराच्या सुमाराला वरून एका तरुणाचा आवाज सुरू झाला. हिंदीत, तावातावाने, मध्ये श्वाससुद्धा न घेता. मुलींना खूश ठेवणं कसं माणसाच्या हातातलं नाही हे तो सांगत होता, आणि सांगणं काही संपत नव्हतं. मला वाटलं, त्या तिघांतल्या नागपूरकराचं डोकं फिरलं. आमचे हे अंथरुणातूनच म्हणाले, ‘‘डोकं फिरलेला माणूस मध्येच अडखळतो. हे कुणीतरी पाठ केलेलं आहे.’’

पाठच केलेलं होतं. कार्तिक आर्यन या नटाने आपल्या पहिल्याच सिनेमात, २०११ साली, म्हटलेलं ते स्वगत. सुमारे पाच मिनिटांचं. वरच्या घरात कुणाचंही प्रेम बिनसलं की ती क्लिप लावायची असा रिवाज आहे, हे मला पुढे कळलं. त्या रात्री नागपूरकराचं बिनसलं होतं.

या मुलांना आम्ही गावांवरूनच ओळखतो. नागपूरकर, सांगलीकर आणि जळगावकर. तिघेही हिंजवडीला जातात, कॉम्प्युटरसमोर बसतात आणि ट्रॅफिकमधून परत येतात. मला काकू म्हणतात, भाडं वेळेवर पाठवतात, आणि गॅलरीत वाळत घातलेले कपडे पुढच्या धुण्यापर्यंत काढत नाहीत. भाडेकरू म्हणून याहून जास्त अपेक्षा मी तरी ठेवत नाही.

लग्न न झालेल्या मुलांना जागा द्यायला पुण्यात छाती लागते. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर पोरं पिढ्यान् पिढ्या राहिली, शिकली, मोठ्या हुद्द्यांवर गेली आणि निवृत्त होऊन फ्लॅटचे मालक झाली. आता तीच मंडळी दारावर ‘फक्त फॅमिली’ अशी पाटी लावतात. आम्ही मुलांना जागा दिली तेव्हा शेजारच्या वहिनी मला भेटायला आल्या त्या एखाद्याच्या घरी दुखवट्याला जातात तशा. ‘‘विचार केलाच असेल तुम्ही,’’ असं तीनदा म्हणाल्या. ‘अशी ही बनवाबनवी’ सगळा महाराष्ट्र त्या चौघांच्या बाजूने पाहतो. १९८८ पासून पाहतोय. मी हल्ली लीलाबाई काळभोरांच्या बाजूने पाहते. बाईंची अट एवढीच, की जागा जोडप्यांना मिळेल. आणि तेवढ्यासाठी दोन धडधाकट पुरुष साड्या नेसून तिच्या घरात शिरतात! सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असलं काही आलं तर काय होईल, याची कल्पना करून बघा. ‘बनवाबनवी’चा मूळ हिंदी सिनेमा हृषीकेश मुखर्जींचा, १९६६ चा, ‘बीवी और मकान’. त्या काळी एकट्या पुरुषाची अडचण साधी होती. आधी खोली मिळवायची. मुलगी पुढचं पुढे.

आता खोली आहे, पगार आहे, फ्रीज आहे, आणि क्लिप लागते.

एका रविवारी मी सांगलीकराला म्हटलं, ‘‘तो अख्खा सिनेमा खाली घेऊन या. पाच-पाच मिनिटं ऐकून माझं डोकं उठलंय.’’ तो चपापला.

‘‘काकू, तो तुमच्यासाठी नाही ओ.’’

‘‘का रे?’’

‘‘जरा बायकांच्या विरोधात आहे.’’

‘‘मग मी बघायलाच पाहिजे. आरोप कोणते आहेत ते तरी कळू दे.’’

लॅपटॉप टीव्हीला जोडला गेला. तिघे सोफ्यावर असे बसले की जणू मी त्यांची तोंडी परीक्षा घेणार आहे. दहाव्या मिनिटाला पडद्यावर काहीतरी चावट आलं आणि जळगावकर दूध आणायला म्हणून उठला. घरात दोन पिशव्या दूध होतं. तो गेला तो मध्यंतराला आला.

लव रंजनचा हा पहिला सिनेमा. दिल्लीच्या एका फ्लॅटमध्ये राहणारे तीन कमावते मुलगे, रज्जो, चौधरी आणि लिक्विड. तिघांना एकाच हंगामात तीन मुली भेटतात आणि तिघांचंही घोडं पेंड खातं. रज्जोच्या नेहाला सगळं तिच्या मनासारखं हवं आणि ते तिने न सांगता कळायला हवं. चौधरीच्या रियाला जुना मित्र सोडवत नाही. ती आज सोडते, उद्या सोडते, सोडतच राहते. पण खरा बघण्यासारखा आहे तो लिक्विड. ऑफिसातली चारू त्याच्याशी गोड बोलते आणि आपलं काम त्याच्या टेबलावर सरकवते. तिला मित्र आहे, लिक्विडला ते ठाऊक आहे, तरी हा लष्कराच्या भाकऱ्या भाजत बसतो. दिव्येंदू शर्माने हे काम इतकं बिलंदर केलंय की भाकरी करपल्याचा वास आपल्याला येतो, त्याला येत नाही. त्याची मान किंचित पुढे, चेहऱ्यावर कायम ‘हो, हो, मी करतो ना’. तो आला की सांगलीकर मान खाली घालून मोबाइलशी खेळायला लागायचा. मी काही विचारलं नाही.

आणि मग ते स्वगत. एका दमात, कट नाही, रज्जो झालेला कार्तिक आर्यन रागाने सुरुवात करतो आणि बोलता बोलता त्याला स्वतःच्याच बोलण्याची चव लागते. हा मुलगा ग्वाल्हेरचा. इंजिनिअरिंगला नवी मुंबईत आला, अभ्यासाच्या आडून ऑडिशन देत राहिला, आणि अंधेरीच्या एका फ्लॅटमध्ये डझनभर मुलांबरोबर राहून त्यांच्यासाठी स्वयंपाकही करायचा, असं त्यानेच मुलाखतींत सांगितलंय. म्हणजे असली गाऱ्हाणी कशी घातली जातात हे त्याला दिग्दर्शकाने शिकवावं लागलं नसणार.

बायकांवर अन्याय करणारा म्हणून या सिनेमाला शिव्या पडल्या, आणि त्या काही फुकट पडल्या नाहीत. तिन्ही मुलींना नुसतं वागणं दिलंय, त्या तशा का वागतात ते दिलेलं नाही. त्यांना घर नाही, घरून येणारे फोन नाहीत, डोकं दुखत नाही, साहेबाचा जाच नाही. चारूला तेवढं ऑफिस आहे, पण तिथलं कामही लिक्विडच करतो. २०१५ मध्ये दुसरा भाग आला. तिथली कुसुम पैशाच्या बाबतीत इतकी पक्की, की तिचं ते तिचं आणि त्याचं ते दोघांचं. सुप्रिया आपल्या आईवडिलांना ‘हाच तो’ असं सांगतच नाही, आणि तो बिचारा तिच्या घरी पडेल ते काम करत राहतो. स्वगत यावेळी सात मिनिटांच्या घरात गेलं. गाऱ्हाणं वाढणारच, मधल्या काळात, नोव्हेंबर २०१४ मध्ये, व्हॉट्सॲपवर निळ्या टिका आल्या होत्या. आधी ‘मेसेज मिळाला नाही’ म्हणायची सोय होती. प्रेमात ती एक मोठी सोय होती, आणि ती कंपनीने परस्पर काढून घेतली.

एवढं सगळं असूनही मला सिनेमा आवडला. तो बायकांबद्दल आहे असं मला वाटेचना. मी त्या स्वगतात बोलणाऱ्याकडे न बघता ऐकणाऱ्याकडे बघत होते. समोर मित्र बसलाय. ज्या मुलीबद्दल एवढं चाललंय ती तिथे नाही. तिच्यासमोर या मुलाच्या तोंडून याच्या दहाव्या हिश्शाचं वाक्यही फुटलेलं नाही. सगळं पोटातलं ओठावर आलं ते खोलीतल्या मित्रापुढे. इतकं मोकळं, इतकं सविस्तर, हातवारे करत, तिला काय म्हणायचं असतं आणि आपल्याला काय ऐकू येतं याच्या बारकाव्यांसकट जर तो नेहाशी बोलला असता, तर नेहा त्याच्या प्रेमात नव्याने पडली असती. निदान तिने ऐकून तरी घेतलं असतं. मी नागपूरकराला हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, ‘‘तिच्यासमोर असं बोलता आलं असतं काकू, तर मग प्रॉब्लेमच काय होता?’’ आणि पुढची दोन मिनिटं तो पडद्याकडे बघत होता, पण सिनेमा बघत नव्हता.

दिल्लीतल्या तीन मुलांचा आणखी एक सिनेमा मला पाठ आहे, ‘चश्मेबद्दूर’. १९८१ चा, बरोबर तीस वर्षं आधीचा, आणि आपल्या सई परांजप्यांचा. सईबाई राष्ट्रीय नाट्यविद्यालयात शिकलेल्या, दिल्ली दूरदर्शनवर काम केलेल्या. ती दिल्ली त्यांच्या ओळखीची होती. त्या सिनेमातले रस्ते बघून आज कुणाचाही विश्वास बसणार नाही. मोटरसायकल जाते आणि मागेपुढे कोणी नाही! इथेही तिघे एका खोलीत. सिद्धार्थ, म्हणजे फारूख शेख, अर्थशास्त्राची पुस्तकं वाचणारा. आणि ओमी नि जोमो, म्हणजे राकेश बेदी नि रवी बासवानी, वाचण्यासारखं काही वाचत नाहीत. त्यांच्या भिंती नट्यांच्या फोटोंनी भरलेल्या. एक सिगारेट तिघांत फिरते, कारण लल्लन मियांच्या टपरीवरची उधारी तुंबलीय. सईद जाफरींचे ते लल्लन मियां पैसे मागायला येतात आणि गप्पा मारून जातात. मी भाडं मागायला तशी जायला लागले तर आमचं घर कधीच विकावं लागेल.

शेजारात एक मुलगी राहायला येते, तीही नेहाच. ओमी आणि जोमो वेगवेगळे तिच्याकडे जातात, फजिती करून घेतात आणि खोलीवर परत येतात. आणि येऊन काय सांगतात? तिच्या तोंडाला कसं पाणी सुटलं, ती आपल्यामागे बागेतून गाणी म्हणत कशी पळाली. साफ थापा. सईबाईंनी त्या थापा जुन्या सिनेमांतल्या गाण्यांच्या थाटात दाखवल्यात, आणि ती दृश्यं मी कितीही वेळा बघितली तरी हसते. खरी गंमत त्यातल्या ऐकणाऱ्याची आहे. दोघांनाही नेहा फारशी हवी आहे असं वाटत नाही. नेहा मिळाल्याची गोष्ट खोलीतल्या दोस्तांना सांगायला मिळावी, हे हवं आहे. पुढे चमको पावडर विकायला दारात आलेली नेहा, बादलीत फेस करून दाखवता दाखवता, सिद्धार्थला खरोखरच आवडते, तिलाही तो आवडतो, आणि तेव्हा या दोघांचं जे बिथरतं! तिच्याविषयी नाही नाही ते त्याच्या कानात भरतात. मत्सर म्हणावा तर नेहापायी म्हणवत नाही. तो खोलीतून जाईल, ही भीती.

तर १९८१ साली मुलं खोलीवर येऊन जिंकल्याच्या थापा मारत होती, आणि २०११ साली हरल्याच्या मारतात. हरल्याच्याही थापाच की! ती असं म्हणाली, तसं म्हणाली, रात्री दोनला फोन करून म्हणाली. त्यातलं निम्मं ती म्हणालेली नसते, हे मी डक्टखाली बसून खात्रीने सांगते. सांगताना मीठमसाला लागतो, कारण समोरचा हसला पाहिजे. हसला की बरं वाटतं. तीस वर्षांत मुली बदलल्या, फोन बदलले, पगार वाढले. श्रोता तोच राहिला, शेजारच्या गादीवरचा.

जाता जाता एक. डेव्हिड धवनने २०१३ मध्ये ‘चश्मेबद्दूर’ नव्याने केला, आणि सईबाईंचा जुना सिनेमा स्वच्छ करून त्याच दिवशी, ५ एप्रिलला, पुन्हा थिएटरात लागला. नव्यातल्या ओमीचं काम कुणी केलं? दिव्येंदू शर्माने. म्हणजे लिक्विडच तीस वर्षांपूर्वीच्या खोलीत राहायला गेला. फक्त खोली आता गोव्यात होती. मुलांना मोकळं सोडायचं म्हटलं की हिंदी सिनेमाला गोवाच आठवतो. तिथल्या घरमालकांचं त्यावर काय म्हणणं आहे, यावर अजून कुणी सिनेमा काढलेला नाही. निघाला तर मी पहिल्या रांगेत.

‘दिल चाहता है’तसुद्धा, २००१ साली, सगळ्यांना तीन प्रेमकथा दिसल्या. मला त्यात मनाला लागणारा एकच घाव दिसतो, आणि तो दोन मित्रांमधला. आकाश एक अचकट वाक्य बोलतो, सिद्धार्थ त्याला थोबाडीत मारतो, आणि मग किती दिवस दोघे एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत. लव रंजनने २०१८ मध्ये शेवटी आडपडदा काढूनच टाकला. ‘सोनू के टीटू की स्वीटी’मध्ये भांडण सरळ होणारी नवरी आणि नवऱ्या मुलाचा मित्र यांच्यात लावलं. सोनू आपल्या दोस्ताला भर मांडवात सांगतो, ‘ती नाहीतर मी’. आणि टीटू उठतो! लोकांनी शंभर कोटींच्या वर पैसे देऊन ते पाहिलं. मला त्या शेवटाचा रागच आला, आणि सिनेमा म्हणून मी तो या सगळ्यांत खालचा मानते. सईबाईंची नेहा नोकरी करते, गाणं शिकते, तिला स्वतःचा दिवस आहे, आणि स्वीटीला नुसता डाव दिलाय. पण तो सिनेमा खोटं मात्र बोलत नाही. या सगळ्या गोष्टींत ज्याला ज्याच्याशिवाय करमत नाही तो कोण, हे त्यात स्वच्छ सांगून टाकलंय.

त्या मुलांना ते एकमेकांना सांगता येत नाही, हीच तर अडचण. वरच्या घरात फ्रीजवर एक कागद चिकटवलेला आहे. वार, नाव, काम. भांडी, केर, कचरा खाली नेणं, पाण्याची बाटली भरून ठेवणं. त्या कागदावरून होणारी भांडणं मी ऐकलेली आहेत. ‘‘तुझा मंगळवार होता बे!’’ ‘‘मंगळवारी मी ऑफिसात होतो.’’ ‘‘मग काय मंगळवार तुझ्यासाठी थांबून राहीन का?’’ नागपूरकराचं बिनसलं त्या आठवड्यात मी मीटरचं रीडिंग घ्यायला वर गेले होते. कागदावर त्याचं नाव जिथल्या तिथे होतं. भांडी घासलेली होती. ओट्याशी सांगलीकर उभा, शर्टाच्या बाह्या वर, हाताला साबणाचा फेस.

‘‘आज तुझा वार नाही ना रे?’’

‘‘नाही.’’ मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, ‘‘काकू, वरण कसं लावायचं? फिकं. आजारी माणसाला देतात तसलं.’’

‘‘कोण आजारी आहे?’’

‘‘कोणी नाही. डब्यातलं तिखट लागतंय म्हणतोय तो.’’

नागपूरकराला तिखट लागतंय! सावजी खाऊन वाढलेला मुलगा तो. मी सांगितलं, तूरडाळ धुऊन घे, हळद, चिमूटभर हिंग, शिजल्यावर मीठ, वरून तूप. त्याने फोनवर टाइप करून घेतलं. मी विचारलं, ‘‘त्याच्याशी काही बोललास का?’’

‘‘काय बोलायचं?’’ तो खरंच बुचकळ्यात पडला. ‘‘लावली की क्लिप.’’

रात्री जळगावकर केळी घेऊन आला, आणि वरून पुन्हा तो एका दमाचा आवाज सुरू झाला. यावेळी मधूनमधून हसणं होतं, तिघांचं.

आमच्या ह्यांचं म्हणणं, ही पोरं प्रेम करतात तेव्हा भाडेकराराचा अभ्यास करत नाहीत. घर भाड्याने देताना सगळं कागदावर असतं: अनामत किती, नोटीस किती दिवसांची, मध्येच सोडलं तर काय, भिंतीला खिळे ठोकायचे की नाही. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने असा करार नोंदवावा लागतो, मुदत कितीही असो. तरी लोक सवयीने अकरा महिन्यांचाच करतात. मी म्हटलं, प्रेमात अनामत कोण कुणाकडे ठेवणार? हे म्हणाले, ‘‘ठेवतातच की. फक्त पावती घेत नाहीत.’’ नागपूरकराला त्या रात्री नोटीस मिळाली ती एका ओळीची, आणि निळी टीक त्याच्या बाजूने होती. त्याला निदान महिनाभराची मुदत हवी होती. मला त्याची कीव आली; मात्र मुलीची बाजू ऐकायची राहिली होती, आणि घरमालकीण झाल्यापासून एकतर्फी तक्रारीवर मी कुणालाही जागा सोडायला सांगत नाही.

ती बाजू आपण होऊन आली. शनिवारी दुपारी फाटकाशी एक मुलगी स्कूटरवरून उतरली. वर तिचं हेल्मेट, एक चार्जर आणि एक पुस्तक राहिलं होतं. वर जायचं धाडस होईना, म्हणून खाली बेल वाजवली. ‘‘काकू, तुम्ही आणून द्याल का प्लीज?’’ मी म्हटलं, गुडघ्यांमुळे जिना होत नाही, मुलं आली की देतील, तोवर चहा घे. गुडघे ठणठणीत आहेत.

ती बसली आणि चहा निवला. तो मी पुन्हा गरम केला, तोही निवला. कार्तिक आर्यनची सात मिनिटं तिच्या प्रस्तावनेत संपली असती. मोठमोठे आरोप नव्हतेच. तो वाईट नाही, खोटारडा नाही, पैशाला चोख. वाढदिवस विसरला नाही कधी. ‘‘मग काय गं?’’

‘‘काकू, सिनेमाला जायचं ठरवलं तर हा विचारणार, सांगलीकर आला तर चालेल का? त्याला एकटं वाटतंय. मी भांडले की रात्री याचे जे मेसेज येतात ते याने लिहिलेले नसतात, जळगावकराने लिहिलेले असतात, शुद्धलेखनावरून कळतं. एकदा मी रडत होते आणि याचं मला समजावणं काय, तर लिक्विडचं कसं झालं होतं ते. दीड वर्ष मी याच्याशी बोलले आणि ऐकलं सगळं त्या दोघांबद्दल. जळगावकराला दही चालत नाही, सांगलीकर झोपेत बोलतो. मला हे कशाला माहीत असायला पाहिजे?’’

‘‘त्याला सांगितलंस का असं?’’

‘‘त्याला?’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या रूमवरच्या मुलींना सांगितलं. त्या खूप हसल्या.’’

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. सांगलीकर हेल्मेट, चार्जर आणि पुस्तक घेऊन खाली आला. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं, ते कुणी घातलं हे त्याने सांगितलं नाही. तिने त्याला विचारलं, ‘‘जेवतो का तो?’’ तो म्हणाला, ‘‘वरण-भात खातोय.’’ दोघे इतके अवघडून उभे होते, की मला वाटलं आता याच दोघांचं जमायचं. मग वरच्या मजल्यावर काय आकांत होईल तो माझ्या डोळ्यांसमोर आला आणि मी घाईघाईने तिला फाटकापर्यंत पोचवलं.

हेल्मेट घालता घालता ती थांबली. पर्समधून पेन काढून तिने माझ्या दूधवाल्याच्या वहीच्या कोपऱ्यावर आपला नंबर लिहिला.

‘‘काकू, या तिघांपैकी पहिलं लग्न ज्याचं होईल ना, त्याच्या बायकोला हा द्या. म्हणावं, कधीही फोन कर. मी दोन तास मोकळे ठेवते.’’

मी ते पान फाडून सोसायटीच्या फाइलमध्ये, तिघांच्या पोलीस व्हेरिफिकेशनच्या कागदांमागे लावून ठेवलंय. जळगावकराकडे यंदा स्थळं बघतायत.